ट्यूब अँप दोन वर्षं बंद ठेवायचाय? माळ्यावर टाकू नका

पुढची दोनेक वर्षं मी जर्मनीत. गिटार सोबत येतेय पण ट्यूब अँपचं (गिटारचा आवाज मोठा करणारा, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा अँप्लिफायर) धूड विमानातून नेणं काही परवडत नाही, म्हणून तो कोथरूडला आई-बाबांकडेच ठेवायचं ठरलं. आईचं लगेच सुरू, "माळ्यावर टाक की, जागा आहे." आता आपल्याकडचा माळा म्हणजे मे महिन्यात भट्टी आणि जून लागला की ओल, वर झुरळं आणि उंदीर आहेतच, त्यात स्पीकरचा कोन कागदाचा. माळा कॅन्सल.

बरेच जण ट्यूबांचीच काळजी करत बसतात. त्यांना नुसतं पडून राहून फारसं काही होत नाही, १९६० च्या दशकातल्या न वापरलेल्या ट्यूबा लोक आजही शोधून शोधून घेतात. खरं दुखणं फिल्टर कॅपॅसिटरचं, म्हणजे चार्ज साठवून आतला वीजपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या भागांचं. आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, इन्सुलेशन म्हणजे तोच, आणि बराच काळ व्होल्टेज मिळालं नाही की तो कमजोर पडतो. मग एक दिवस कोणीतरी हौसेने बटण दाबतो, एकदम चारशे-पाचशे व्होल्ट येतात, कॅपॅसिटर तापतो, फुगतो, कधी जाताना ट्रान्सफॉर्मरलाही सोबत घेऊन जातो.

त्यामुळे झाकण्यापेक्षा अधूनमधून चालू करणं महत्त्वाचं. दर दोन-तीन महिन्यांनी अर्धा तास, ही ड्यूटी बाबांकडे. त्यांना दाखवत होतो की आधी स्पीकरची वायर लागलीय का बघायचं, मग पॉवर, मग एक मिनिटाने स्टँडबायचं बटण (ट्यूबा तापल्यावर त्यांना मोठं व्होल्टेज देणारं) चालू करायचं, तर म्हणाले, "अरे पण मी वाजवणारच नाहीये, मग स्पीकर कशाला?" रास्त प्रश्न. पण स्पीकर नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला लोड मिळत नाही आणि तो जळू शकतो, म्हणून मागे मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीय. बाबा मात्र ट्यूबा केशरी होताना बघत बसले, जुन्या रेडिओची आठवण झाली असणार.

बाकी फार काही नाही. थंड झाल्यावरच हलवायचा, काम झालं की प्लग भिंतीतून काढायचा, वळवाच्या पावसात लाइट कशी जा-ये करते माहितीये. फरशीवर नाही तर पाटावर ठेवलाय, बाहेरच्या भिंतीपासून लांब. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका हां, आत दमटपणा कोंडतो आणि टोलेक्सला (अँपच्या पेटीवरच्या रेक्झिनसारख्या आवरणाला) बुरशी येते. आमच्याकडे वर जुनी गोधडी आहे, चालू करताना ती आठवणीने काढायची. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात बदलायच्या.

आणि एखादा अँप आधीच कित्येक वर्षं बंद पडलेला असेल तर तो सरळ सॉकेटला लावूच नका. टेक्निशियनकडे न्या, तो व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) नाहीतर सिरीजमध्ये बल्ब लावून हळूहळू चालू करेल (साधा पिवळा बल्ब, एलईडी नाही). बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असं समजायचं. तापकीर गल्लीतून होल्डर-वायर आणून घरी जुगाड करणारेही आहेत, पण प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरतो, तेव्हा माहिती नसेल तर चॅसी (आतल्या सर्किटची धातूची पेटी) उघडायची नाही म्हणजे नाही.

हो, आणि गिटारच्या इफेक्ट पेडलमधल्या नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या काढून ठेवा, त्या गळतात.