पुदुपेटचा वर्म: जुन्या बुलेटच्या इंजिनाचे भाग ओळखण्यासाठी केलेला चेन्नईचा प्रवास

"बुलेटचे सगळे सगळ्याला बसते" हे वाक्य मला पुण्याच्या जुन्या बाजारात, रेल्वेच्या डब्यात आणि चेन्नईतल्या पुदुपेट या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळून निदान दहा जणांनी ऐकवले, आणि ते चुकीचे असू शकेल अशी शंका त्यांतल्या एकानेही बोलून दाखवली नाही. ते साफ चुकीचे आहे. ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचे हे ३४६ सीसीचे इंजिन मद्रासमध्ये १९५५ पासून जुळवले जाऊ लागले आणि पुढे पन्नासहून अधिक वर्षे बाहेरून जवळजवळ त्याच रूपात निघत राहिले. माणूस फसतो तो याच सारखेपणामुळे, कारण वरचे रूप कायम राहिले तरी आतले लहान भाग मधूनमधून बदलत गेले आणि त्यांची नावे मात्र तीच राहिली. एवढे आधी कळले असते तर माझे चार दिवस, जाण्यायेण्याचे भाडे आणि अंगठ्याएवढ्या एका तुकड्यासाठी मोजलेले २,४०० रुपये वाचले असते.

माझे इंजिन साताऱ्याजवळच्या एका गावातून दोन गोणपाटांत भरून आले. आरसी पुस्तकावर १९७४ साल आहे. इंजिनही त्याच सालचे असेल असे मी धरून चाललो नाही आणि कोणीही चालू नये. आधीच्या मालकाच्या मिस्त्रीने ते बारा-पंधरा वर्षांपूर्वी उघडले आणि उघडतानाच घोळ घातला. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, टायमिंगकडील टोकावर जो वर्म नट, म्हणजे बाहेरूनही स्क्रूसारखे आटे असलेला नट, असतो त्याचे आतले आटे उलटे असतात, म्हणजे तो सोडवताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. मिस्त्रीने नेहमीच्या सवयीने जोर लावला, नट अधिकच आवळला गेला आणि शेवटी त्याने छिन्नी उचलली. गोणपाटात मला त्या नटाचा अर्धाच तुकडा सापडला, तोही दाते चेपलेला. क्रँकच्या टोकावर छिन्नीचे तीन घाव आहेत आणि त्यांतला एक अजूनही नखाला लागतो.

इंजिनाचे दोन्ही ऑइल पंप याच वर्मवर चालतात. क्रँकबरोबर वर्म फिरतो, तो आपल्याशी काटकोनात बसवलेल्या आडव्या स्पिंडलचे दाते पुढे ढकलतो आणि स्पिंडलच्या दोन टोकांना जोडलेल्या दोन पंपांपैकी एक तेल बिग एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो त्या सांध्याकडे, पाठवतो, तर दुसरा खाली साचलेले तेल परत तेलाच्या टाकीत नेतो. त्यामुळे वर्म मिळेपर्यंत बाकी सारे इंजिन जुळवून ठेवण्यात काहीच अर्थ नव्हता. वर्मखेरीज आणखी चार वस्तू मला ओळखता आल्या नव्हत्या: टिकलीएवढी पोलादाची एक पातळ चकती, कडक झालेल्या बुचासारखा एक तपकिरी तुकडा, क्रँकपिनवरही ढिले आणि कनेक्टिंग रॉडमध्येही ढिले असे भोके पाडलेले एक कडे, आणि दुबेळक्याच्या आकाराचा एक लहान पोलादी तुकडा. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी असे दोनदा फिरूनही उत्तर मिळाले नाही. "मद्रासला जा, बुलेटचे माहेर आहे," असा सल्ला मात्र मिळाला आणि मी तो मानला.

क्रँककेस, म्हणजे क्रँकचे घर, उघडून पुन्हा बंद करण्याचा अनुभव ज्यांना नाही किंवा व्हर्नियर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हा वृत्तांत नाही. त्यांनी इंजिन जाणकार मिस्त्रीकडे द्यावे आणि सुट्टी कोकणात घालवावी. बाकीच्यांनी सोबत व्हर्नियर, आटे मोजण्याचे पिच गेज, लहान लोहचुंबक, जुनी सुती फडकी, पातळ टोकाचा मार्कर पेन आणि पार्ट्स बुकातल्या चित्रांच्या छायाप्रती न्याव्यात. भाषा येत नसेल तर या छायाप्रतींइतका दुसरा दुभाषी नाही. पायांत बंद बूट असावेत, कारण पुदुपेटच्या गल्ल्यांतून जमिनीवर तेल आणि लोखंडाचा कीस दोन्ही असतात. मी मे महिन्यात गेलो. मे महिन्यात जाऊ नये.

रेल्वेचा प्रवास रात्रभराचा आणि वर अर्ध्या दिवसाचा. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. पुदुपेट एग्मोर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे रिक्षावाल्याने सांगितलेला आकडा ऐकून सरळ चालू लागावे. चेन्नईत नोकरीला असलेला माझा भाचा पहिल्या दिवशी सोबत होता म्हणून निभावले. तिथे एखाद्या गल्लीत नुसती दारे, दुसरीत नुसते गिअरबॉक्स, तिसरीत नुसत्या सायलेन्सरांच्या राशी असे चालते, आणि दुचाकीच्या जुन्या मालाची दुकाने शोधण्यातच आमची सकाळ गेली.

या प्रवासात सगळ्यांत वाईट गेले ते एका दुकानाच्या माळ्यावरचे दोन तास. लोखंडी शिडी जवळजवळ उभी, वर पत्र्याचे छप्पर, डोके टेकेल एवढीच उंची, पंखा नाही आणि समोर ग्रीसने भरलेल्या सात बादल्या. दुकानदाराने तिसऱ्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून एक वर्म बाहेर काढला, माझ्या अर्ध्या तुकड्याशेजारी धरला आणि म्हणाला, "सार, इंग्लंड पीस." मी आतले आटे पाहिले, ते उलटे होते, व्यास जुळत होता, लांबीही जुळत होती. त्याने भावाला सुरुवात केली ३,८०० पासून. मी तो भाग पुसायला फडके काढले, तेव्हा गंज चढेल असे सांगून त्याने माझा हात थांबवला. तिथेच मी उठायला हवे होते. भाचा कानाशी म्हणालाही, "मामा, आत्ता नको, उद्या परत येऊ." पण घामाने चष्मा घसरत होता, शिडी पुन्हा चढायची कल्पना नकोशी वाटत होती, आणि मी २,४०० रुपये मोजले. पावती मागितली तर तो हसला.

इथे खरी मेख सांगतो, कारण हे कोणीही मला आधी सांगितले नव्हते. या इंजिनाचे वर्म दोन प्रकारचे मिळतात. एकावर आट्याची एकच धार गुंडाळलेली असते, दुसऱ्यावर दोन धारा शेजारीशेजारी गुंडाळलेल्या असतात. बारा दात्यांच्या स्पिंडलवर एकेरी वर्म चालवला तर क्रँकच्या बारा फेऱ्यांत पंपाची एक फेरी होते. दुहेरी वर्म असेल तर सहा फेऱ्यांतच होते, म्हणजे पंप दुप्पट वेगाने चालतो. दोहोंच्या आट्यांचा तिरकेपणा वेगळा असल्यामुळे एकाचा वर्म दुसऱ्याच्या स्पिंडलवर चालत नाही. तो टेकतो, जरा फिरल्यासारखा वाटतो आणि मग अडतो किंवा दाते खाऊ लागतो. बाहेरचा व्यास, लांबी आणि आतले उलटे आटे यांवरून हा फरक कळत नाही, म्हणजे मी माळ्यावर जे जे तपासले ते सगळे निरुपयोगी होते. ओळखण्याची रीत अगदी साधी आहे. वर्म कोरडा पुसावा, आट्याच्या माथ्यावर मार्करने ठिपका द्यावा आणि त्या माथ्यावरूनच पेन चालवत वर्म पूर्ण एक फेरी फिरवावा. पेन लगेच शेजारच्या माथ्यावर पोहोचला तर वर्म एकेरी. मधला एक माथा सोडून त्यापुढच्यावर पोहोचला तर दुहेरी. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. माझा स्पिंडल दुहेरी वर्मचा निघाला आणि आणलेला वर्म एकेरी. हे मला पुण्यात परतल्यावर, अंघोळ करून, शांत डोक्याने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कळले. स्पिंडल त्या दिवशी माझ्या पिशवीतच होता, पण तो बाहेर काढून वर्मला लावून पाहण्याचे मला सुचले नाही, आणि याचा दोष मात्र दुकानदाराला देता येत नाही.

त्याच माळ्यावर आणखी एक चाल शिकायला मिळाली. दुकानदार भागावर उठून आलेला ओतीव आकडा दाखवतो आणि आपल्या जुन्या भागावरही तोच आकडा असला की आपण खूश होतो. तो आकडा बहुतेक वेळा कच्च्या ओतकामाचा असतो, तयार भागाचा नव्हे. त्याच ओतकामातून पुढे वेगवेगळी भोके पाडून आणि वेगळ्या मापाला कातून दोन निराळे भाग बनू शकतात, आणि पार्ट्स बुकातला क्रमांक त्या आकड्याशी जुळेलच असे नाही. आकडा जुळला म्हणजे तपासणीला सुरुवात झाली, इतकेच समजावे. पिस्टनवर ठोकलेल्या २० किंवा ४० या आकड्यांची गोष्ट वेगळी. ते वाढीव माप असते, इंचाच्या हजारांशात. २० म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. तो आकडा खरा मानून ब्लॉक मोजावा.

दुसऱ्या दिवशी मी जनरल पॅटर्स रोडवर गेलो. माउंट रोडजवळच्या या रस्त्यावर नव्या सुट्या भागांची दुकाने आहेत, आणि माझा स्पष्ट सल्ला असा की आधी इथे यावे, पुदुपेटला नंतर, आणि तेही गरज उरली तरच. एका दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी माझ्या चार वस्तूंपैकी तीन चहा निवायच्या आत ओळखल्या. टिकलीएवढी चकती त्यांनी तळहातावर ठेवली, वरून हलकी फुंकर मारली आणि ती थरथरली तशी हसून माझ्याकडे पाहिले. तो क्रँककेसच्या ब्रीदरचा पडदा होता. क्रँककेसच्या ड्राइव्ह, म्हणजे साखळीच्या, बाजूला अशा दोन चकत्या दोन भोकांवर सुट्या बसतात. आतली हवा दाबाने बाहेर पडते आणि परत आत शिरू पाहते तेव्हा चकत्या भोके झाकतात. त्यांना पॅकिंगचा लेप लागून त्या चिकटल्या की इंजिन जागोजाग तेल गाळू लागते. माझ्याकडे दोनपैकी एकच उरली होती आणि तीही वर्तमानपत्राच्या एका कपट्याला ग्रीसने चिकटली होती; मी तो कपटा दोनदा केरात टाकला होता.

बुचासारखा तुकडा खरोखरच बूच निघाला. टायमिंग कव्हरमधून येणारे तेल क्रँकच्या टोकात शिरते, त्या सांध्यावर कॉर्कचे हे सील बसते. ते कडक होऊन आकसले की तेल बिग एंडपर्यंत न जाता टायमिंगच्या खोलीतच सांडते, आणि बाहेरून मात्र सगळे ठीक दिसते. हे सील जुने कधीही वापरू नये. ढिले कडे म्हणजे बिग एंडचे तरंगते बुश. ते आतूनही आणि बाहेरूनही सुटेच असायला हवे. पोलादी कड्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या धातूचा थर असतो आणि भोकांतून तेल दोन्हीकडे पोहोचते. पुण्यात एका लेथवाल्याने ते "झिजलेले" ठरवून रॉडमध्ये घट्ट ठोकून देण्याची तयारी दाखवली होती. त्या दिवशी त्याची वीज गेली, एवढ्यावरच माझे बुश वाचले.

नटांबाबतही एक सावधगिरी. माझ्या इंजिनात काही स्टड जुन्या ब्रिटिश सायकल आट्यांचे आहेत, इंचाला २६ आटे, आणि काही मेट्रिक. २६ आटे म्हणजे दोन आट्यांतले अंतर ०.९७७ मिलिमीटर; मेट्रिकमधल्या बारीक आट्याचे अंतर १ मिलिमीटर. दोन्हींचा कोन ६० अंश. अडीच सूत (५/१६ इंच) स्टडचा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे आठ मिलिमीटरच्या इतका जवळ की मेट्रिक नट त्यावर तीन-चार फेरे लोण्यासारखा जातो आणि मग आवळतो. आपल्याला वाटते आटे घाण झाले आहेत. उलट आठाचा मेट्रिक बोल्ट त्या मापाच्या ॲल्युमिनियमच्या भोकात पान्याने घातला तर तो आत जाताना भोकाचेच आटे खातो. हाताने शेवटपर्यंत न जाणारा नट पान्याने कधीही नेऊ नये आणि पिच गेज प्रकाशाकडे धरून पाहावे. अंतरातली ही फट डोळ्यांना दिसते. बेअरिंगांचे मात्र सोपे आहे. ड्राइव्ह बाजूचे बॉल बेअरिंग ६३०५ क्रमांकाचे, माप २५ बाय ६२ बाय १७, आणि ते कोणत्याही चांगल्या बेअरिंगच्या दुकानात मिळते; त्यासाठी जुन्या बाजारात घासाघीस करणे मूर्खपणाचे आहे.

तिसऱ्या दिवशी भाच्याने महाबलीपुरमला नेले. छान होते.

परतल्यावर वर्मची फजिती कळली तेव्हा मी जनरल पॅटर्स रोडच्या त्याच दुकानात फोन केला. वर्म आणि स्पिंडल यांची नवी जोडी त्यांच्याकडे होती, ६५० रुपयांना, आणि मी काउंटरवर उभा होतो तेव्हाही ती मागच्या फळीवरच होती. मी विचारले नाही, कारण माझ्या पिशवीत "इंग्लंड पीस" होता. जोडी पाच दिवसांत कुरिअरने आली. ती बसवल्यावर इंजिन किकने रिकामेच फिरवले, रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट थोडा ढिला केला आणि विसाव्या किकच्या आसपास तिथे तेलाचा पहिला थेंब जमला. वर्म आणि स्पिंडल नेहमी जोडीनेच विकत घ्यावेत, एकच झिजलेला असला तरी.

दुबेळक्याच्या आकाराचा तुकडा कोणीही ओळखला नाही. त्याची लांबी ४१ मिलिमीटर आहे, चुंबकाला चिकटतो, एका टोकाला घासल्याची चमक आहे. तो बुलेटचा नसावा असे माझे मत होत चालले आहे. एकेरी वर्म मात्र माझ्याकडे स्वच्छ पुसून, तेल लावून ठेवला आहे. ज्यांचा स्पिंडल एकेरी वर्मचा असेल त्यांनी तो ५०० रुपयांत घेऊन जावा. पण स्पिंडल सोबत आणल्याशिवाय मी तो डब्यातून बाहेर काढणार नाही.