गोरिलांचा सीझन आणि आमचा पितृपक्ष

युगांडातल्या गोरिला ट्रेकिंगबद्दल काहीही वाचायला घ्या, सीझनचं उत्तर पहिल्या दोन ओळींत तयार असतं: जून ते सप्टेंबर, नाहीतर डिसेंबर ते फेब्रुवारी. झालं! हे लिहिणाऱ्यांना ना शाळेच्या सुट्ट्या असतात, ना मार्चएंड, ना घरचे गणपती. आपल्याला सलग रजा मिळते ती मे महिन्यात किंवा दिवाळीत, आणि नेमका त्याच दोन वेळांना तिकडे पावसाळा असतो. हे गोरिला बघायला जिथे जायचं ते युगांडातलं ब्विंडीचं जंगल विषुववृत्ताच्या जेमतेम एक अंश खाली आहे. सूर्याच्या मागोमाग सरकणारा पावसाचा पट्टा वर्षातून दोनदा तिथून जातो, म्हणून मार्च ते मे एक पावसाळा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास दुसरा. आपण जुलैत छत्र्या वाळवत असतो तेव्हा तिथे कोरडं असतं.

मी अकाउंट्समध्ये आहे. जानेवारी उजाडला की आमच्याकडे रजेचं नाव काढायचं नाही. ताई निवृत्त झालीय, तिला बारा महिने रविवार, पण गुडघे कुरकुरतात, त्यामुळे चिखल शक्यतो नको. म्हणून जुलै ठरला. इथवर काहीच अवघड नव्हतं.

मग एजंट आला.

गोरिला बघायला परमिट लागतं आणि ते युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटी देते. परदेशी पाहुण्यासाठी जुलै 2024 पासून एका परमिटचे 800 डॉलर. रवांडात तेच 1500 डॉलर, त्यामुळे रवांडाचा विचार आम्ही हातातला चहा संपायच्या आत सोडला. एका गोरिला कुटुंबाला दिवसाला जास्तीत जास्त आठ माणसं भेटू शकतात, तीही एकच तास. त्या तारखेची सगळ्या कुटुंबांची परमिटं गेली की संपलं, तुम्ही कितीही पैसे मोजायला तयार असा. म्हणजे सीझन ठरवताना आकाशाकडे नंतर बघायचं, आधी परमिट कुठल्या तारखेचं शिल्लक आहे ते बघायचं. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी इथल्या एका टूर एजंटाला पहिल्याच भेटीत विचारलं, की परमिट हातात कधी मिळेल?

"ब्लॉक केलंय मॅडम. तुम्ही निश्चिंत राहा."

ॲडव्हान्स भरला. आठवडे गेले. मी फोन केला की कधी 'कंपालाची टीम बघतेय', कधी 'सिस्टीम डाऊन आहे', कधी 'साहेब लंचला गेलेत'. मला परमिटची प्रत हवी होती, ज्यावर आमची नावं, पासपोर्ट नंबर आणि तारीख असेल. पुष्कळ तगादा लावल्यावर व्हॉट्सॲपवर एक व्हाउचर आलं. रंगीत, त्याच एजंटाच्या लेटरहेडवर, कोपऱ्यात सिंहाचा फोटो (ब्विंडीत सिंह नाहीत), आणि मधोमध ठळक अक्षरांत 'गोरिला ट्रेक - कन्फर्म्ड'. जंगलाच्या कुठल्या भागातून ट्रेक, त्या सेक्टरचा पत्ताच नाही.

"सेक्टर कुठला?" मी विचारलं.

"मॅडम, गोरिला सगळे सारखेच असतात."

इथे माझं डोकं फिरलं. ब्विंडीत ट्रेक सुरू होण्याच्या चार जागा आहेत: उत्तरेला बुहोमा, पूर्वेकडे रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि न्कुरिंगो. परमिट त्या त्या सेक्टरचंच असतं. सकाळी साडेसातच्या सुमारास ब्रीफिंगला तिथे हजर राहावं लागतं. नकाशावर अंतर बोटभर दिसतं, पण मध्ये डोंगर आणि वळणावळणाचे कच्चे रस्ते आहेत, गाडीला काही तास लागतात. आमच्या आयटिनररीत मुक्काम होता बुहोमाला. परमिट रुशागाचं निघालं असतं तर ताईला मध्यरात्री उठवून गाडीत घालावं लागलं असतं आणि त्यानंतर डोंगर चढायला लावावं लागलं असतं. हे सगळं मी त्या माणसाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ड्रायव्हर ॲडजस्ट करेल."

ड्रायव्हर काय ॲडजस्ट करणार, डोंगर?

शेवटी मी स्वतः त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. परमिट दाखवा, नाहीतर ॲडव्हान्स परत द्या. आतल्या केबिनमध्ये बराच वेळ कुजबुज झाली. मग त्याने बाहेर येऊन जे सांगितलं त्याने मी थक्क झाले. "जुलैचं मिळत नाहीये मॅडम. नोव्हेंबर करूया का? पावसात तर जास्त मजा येते." म्हणजे इतके दिवस काहीही ब्लॉक झालेलं नव्हतं! कोरडा सीझन आम्ही त्या खुर्चीत बसून घालवला होता. पैसे परत मिळाले, 'प्रोसेसिंग'चे कापून. कसलं प्रोसेसिंग, ते मी आजही विचारते.

त्यानंतर मी युगांडाच्या राजधानीतल्या, म्हणजे कंपालातल्या, एका ऑपरेटरला थेट ईमेल लिहिला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि ते सरळ होतं: बुहोमाला जुलै-ऑगस्ट भरलाय, सप्टेंबरच्या उत्तरार्धात जागा आहे. पैसे भरल्यावर परमिटची प्रत आली, नावासकट, सेक्टरसकट. तुम्हीही हे हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

सप्टेंबरचा उत्तरार्ध म्हणजे कोरडा सीझन संपत आलेला आणि पाऊस उंबरठ्यावर. इथे कॅलेंडर उघडलं तर पितृपक्ष. मावशीने लगेच नाक मुरडलं, भावोजी मात्र खूश: "बरोबर आहे, पितृपक्षात पूर्वजांनाच भेटायला चाललात!" (पूर्वज नव्हेत, चुलत भावंडं, पण भावोजींपुढे कोण बोलणार.) बाबांची तिथी आमच्या निघण्याच्या आधी होऊन जात होती, त्यामुळे तोही प्रश्न नव्हता. आणि खरं सांगू? नोकरदार मराठी माणसाला याहून सोयीचा काळ नाही. गणपती झालेले असतात, नवरात्र लागायचं असतं, कोणाचं लग्न नसतं, मुहूर्त नसतो. साहेबांनी रजेच्या अर्जावर न बघता सही केली.

ट्रेकच्या दिवशी सकाळी ढग होते, पाऊस नव्हता. ट्रॅकर्स पहाटेच पुढे गेलेले असतात आणि वायरलेसवर दिशा सांगतात. कोरड्या दिवसांतही हे वर्षावनच आहे, त्यामुळे रेनकोट कुठल्याही महिन्यात न्यायचाच. ढगाळ उजेडात त्या काळ्या तोंडांचे फोटो उलट चांगले येतात, उन्हात नुसते डाग दिसतात. आमचा तास संपता संपता सर आली. सिल्व्हरबॅकने (रुपेरी पाठीचा कुटुंबप्रमुख नर) पानं ओरबाडणं थांबवलं, हात छातीशी घेतले, मान खाली घातली आणि वैतागलेल्या चेहऱ्याने पाऊस संपायची वाट बघत बसला. ताई मास्कमधून पुटपुटली, "याला पण एजंट भेटलेला दिसतोय."

उतरताना घसरण होती. पोर्टर घेतला होता म्हणून ताई खाली आली. पोर्टर घ्याच, तरुण असलात तरी. वीसेक डॉलर लागतात, ते थेट आसपासच्या गावातल्या माणसाला मिळतात आणि चढावर तो तुमचा हात धरतो. बागकामाचे जाड हातमोजे न्या, तिथली खाज आणणारी झुडपं पातळ पँटमधूनही लागतात.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं. यलो फीव्हरची लस. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, केंद्रांचे वार ठरलेले असतात आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, ताईलाही विचारावं लागलं. प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. परमिट मिळाल्या दिवशीच केंद्राला फोन लावा.

दक्षिणेकडचं, म्हणजे रुशागा किंवा न्कुरिंगोचं परमिट मिळालं तर युगांडातल्या एन्टेबे विमानतळाऐवजी रवांडातल्या किगालीला उतरा, रस्ता बराच कमी होतो. फक्त दोन्ही देशांचा व्हिसा बघा. युगांडा, रवांडा आणि केनियाचा मिळून एक ईस्ट आफ्रिका व्हिसा 100 डॉलरला मिळतो.

आणि ज्यांना मे किंवा दिवाळीशिवाय रजाच नाही त्यांनी जाऊ नये असं नाही. पावसात परमिट सहज मिळतं, लॉज स्वस्त होतात. गुडघे धड असतील तर मे. नसतील तर पितृपक्ष.