धुतला की वाढणारा डाग

"अहो, डाग परत आलाय. आणि कालच्यापेक्षा मोठा होऊन आलाय!"

सकाळी सातलाच काकूंचा फोन. आदल्या दिवशीच त्यांच्या घरी जाऊन मी त्या जुन्या गादीच्या खुर्चीची बैठक साफ केली होती. फिकट रंगाचं जाड सुती कापड, त्यावर ताटलीएवढं तपकिरी वर्तुळ. कापडाचा रंग जातो का ते मागच्या कोपऱ्यात ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघितलं, मग व्हॅक्यूम, मग शाम्पूचा फेस, मग भरपूर पाणी. निघताना डाग दिसत नव्हता. कुशनकामात इतकी वर्षं काढलेला माणूस मी, ऐटीत घरी आलो.

पुन्हा गेलो तर काकू ओशाळलेल्या. "मीच घासून घासून वाट लावली का हो? पाच वेळा धुतलंय मी."

पाच वेळा? हे त्यांनी काल सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

खुर्ची उलटी केली. खालचं तरट सोडवल्याबरोबर कुबट वास आला. आत हात घातला तर काथ्या ओलाच. नुसता दमट नव्हे, चांगला गार ओला. थोडा उपटून पांढऱ्या फडक्यात पिळला, तर फडक्यावर हुबेहूब तोच तपकिरी रंग उतरला. काकू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. "अगंबाई, म्हणजे हा रंग आतूनच येतोय?"

आतूनच. काथ्या भिजला की तपकिरी रंग सोडतो. कापड वरून वाळायला लागलं की आतलं पाणी वर चढतं, येताना तो रंग आणतं आणि वर येऊन उडून जातं; रंग मात्र कापडावर राहतो. म्हणजे मुळात काय सांडलं होतं ते गेलं कुठल्या कुठे, उरलेला डाग धुण्याचाच होता. पाच वेळा काकूंचा, सहाव्यांदा माझा.

पण काथ्या आणि कापड यांच्यामध्ये कापसाचा थर आणि वर मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, असायला हवं. पुढच्या कडेच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, काढून वरचं कापड उचललं, तर दोन्ही नाही. आधी कुणीतरी कापड बदलताना जुना कापूस फेकला आणि नवा घातलाच नाही. असं काम बघितलं की माझं डोकं फिरतं. वरून काही कळत नाही, म्हणून तर लोक करतात.

कापड पूर्ण सोडवलं. बादलीत बुडवायचा मोह होता, पण सुती कापड आकसलं असतं तर परत ठोकताना चार बोटं कमी पडलं असतं. म्हणून पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून फडक्याने टिपत गेलो, नुसत्या डागावर नाही, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. मग वर कोरडा पांढरा टॉवेल दाबून ठेवला. वर चढायचंच असेल तर रंगाने टॉवेलात चढावं. तीन टॉवेल तपकिरी झाले. शेवटी अगदी फिकट कडा राहिली, ती राहिलीच.

काथ्या पिंजून पंख्याखाली टाकला, कुजका तेवढा काढला. स्प्रिंगा शाबूत होत्या, पण सुतळी ओलीने सडून हातात येत होती; प्रत्येक स्प्रिंग आठ बाजूंनी नव्याने बांधली. हे सगळ्यात वेळखाऊ काम. एक गाठ सैल राहिली तरी बसणारा माणूस कलतो. दुसऱ्या दिवशी काथ्या हाताला खडखडीत लागल्यावरच भरला, वर कापूस, त्यावर मांजरपाट, मग कापड.

"आता पाणी लावायचं नाही," मी काकूंना बजावलं. "काही सांडलं तर टिपा, घासू नका."

पुढच्या सकाळी सात वाजता मीच फोन केला.

"नाही आलाय," काकू म्हणाल्या. "पण मी रात्री तीनदा उठून बघितलं हो."