आमची वाटचाल : ड्रॉइंगमधली प्लेट आणि मशीनवरची प्लेट

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतली (औद्योगिक वसाहतीतली) शेड बाबांनी घेतली ती प्लास्टिकच्या डाय बनवायला. मी कलाभवनातून मेकॅनिकल करून आलो. सयाजीरावांनी १८९० साली काढलेली ती संस्था आता विद्यापीठाची फॅकल्टी आहे, पण दांडिया बाजारातल्या आमच्या घरात तिला अजून कलाभवनच म्हणतात.

फ्युएल सेलची, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या आणि सोबत पाणी तयार करणाऱ्या सेलची, पहिली ऑर्डर आली तेव्हा काम एवढंच होतं: ग्रॅफाइटच्या प्लेटवर एक मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर खोल चॅनल कोरून द्या. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा. ग्रॅफाइटची धूळ वीज वाहते. ती पॅनलमध्ये शिरली आणि मशीनचा ड्राइव्ह उडाला. मग सक्शन बसवलं, बाबांची बोलणी खाल्ली.

डिझाइनही आपणच करू, ही खुमखुमी माझी. ओपनफोम हे प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, संगणक घरचा. नागमोडी चॅनलमध्ये हवा ढकलायला दाब जास्त लागतो, म्हणून मी समांतर चॅनल घेतले. पडद्यावर प्रत्येक चॅनलमधून सारखी हवा वाहत होती. ते रंगीत चित्र मी ग्राहकाला मोठ्या दिमाखात पाठवलं.

चाचणीत करंट वाढवला की व्होल्टेज डगमगायचं. माझ्या मॉडेलमध्ये पाणीच नव्हतं! १०० चौरस सेंटिमीटरच्या सेलमधून १०० अँपिअर काढले तर तासाला सुमारे ३४ ग्रॅम पाणी तयार होतं. नागमोडी चॅनलमध्ये थेंब अडला तर मागच्या हवेला दुसरी वाट नसते, ती त्याला ढकलून नेते. समांतर चॅनलमध्ये हवा शेजारच्या चॅनलने निघून जाते, थेंब आपला तिथेच बसून.

पण मग थेंब दरवेळी शेवटच्या तीन चॅनलमध्येच का? हे कोडं सोडवलं आमच्या जुन्या ऑपरेटरकाकांनी. त्यांनी डेप्थ गेज लावला आणि म्हणाले, "टूल तो जो, घसाई गयुं छे!" म्हणजे टूल बघ, झिजलंय. ग्रॅफाइट मऊ वाटतं, पण कटर खातं. शेवटचे चॅनल ०.९५ मिमी खोल उतरले होते. हवेचा प्रवाह इथे संथ, थरांचा असतो. चौकोनी चॅनलची खोली पाच टक्क्यांनी घटली, तर तेवढ्याच दाबाला प्रवाह जवळपास दहा टक्क्यांनी घटतो. मी दोन महिने मेश (गणितासाठी मॉडेलवर टाकलेली चौकटींची जाळी) बारीक करत बसलो होतो ड्रॉइंगमधल्या प्लेटची.

तेव्हापासून नमुना आधी मशीनवरून उतरतो, काका खोली मोजतात, आणि ते आकडे मॉडेलमध्ये जातात. कटर किती प्लेटनंतर बदलायचा, हेही त्यावरूनच ठरतं. ती समांतर प्लेट आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिली, चॅनल तीन-तीन जोडून नागमोडी करून. दाब थोडा वाढला, ग्राहक टिकला.

सध्या टेबलावर ३१६ एल या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची प्लेट आहे. प्रेसमधून निघाला की पत्रा किंचित परत उघडतो. काकांनी त्यासाठी वेगळी वही घातली आहे.