सुट्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरला संघटना कशासाठी हवी

दोन-तीन वायरमन हाताशी घेऊन कामं करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला संघटनेची वर्गणी म्हणजे पाण्यात घातलेले पैसे वाटतात. संघटना नुसत्या सभा आणि सत्कारच करत असेल, तर त्याचं काही चुकत नाही. पण काही गोष्टी एकट्याच्या आवाक्यात येत नाहीत, आणि संघटनेने हात घालायचा तो तिथेच.

पहिली गोष्ट टेस्टिंगची उपकरणं. मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, बहुतेकांकडे असतो. लूप टेस्टर (फेज अर्थला लागला की करंट ज्या वाटेने परत फिरतो तिचा अडथळा मोजणारा) आणि आरसीसीबी टेस्टर (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, तपासणारा) क्वचितच, कारण महाग पडतात आणि रोज लागत नाहीत. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून काम सोपवलं जातं. ते बटण फक्त यंत्रणा हलते का एवढंच सांगतं. अर्थिंग सॉकेटपर्यंत पोहोचलंय का, ट्रिप व्हायला, म्हणजे सप्लाय तुटायला, किती वेळ लागला, हे त्यातून कळत नाही. साधा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 वर सुटता कामा नये, 30 वर 300 मिलिसेकंदांच्या आत आणि 150 वर 40 मिलिसेकंदांच्या आत सुटला पाहिजे. हे मोजावंच लागतं.

लूपचंही तसंच. एमसीबी म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच, आणि बी, सी कर्व्ह म्हणजे तो किती करंटला क्षणात पडतो त्याचे प्रकार. 32 अँपिअरचा बी कर्व्ह एमसीबी क्षणात पडायची खात्री 160 अँपिअरला मिळते, म्हणजे 230 व्होल्टवर लूप इम्पिडन्स, म्हणजे त्या वाटेचा अडथळा, 1.44 ओहमच्या आत हवा. वायर गार असताना घेतलेलं रीडिंग त्याहूनही बरंच कमी, साधारण 1.15 पर्यंत. सर्किट 1.1 ओहमचं असेल तर बी चालतो. साइटवर ‘बी मिळाला नाही’ म्हणून सी कर्व्ह टाकला, की मर्यादा निम्म्यावर, 0.72 वर येते. आता फेज अर्थला लागला तर साधारण 209 अँपिअर वाहतील, ते सी कर्व्हला क्षणात पाडायला पुरतीलच असं नाही, आणि वर आरसीसीबी नसेल तर काही सेकंद उपकरणाची बॉडी लाइव्ह राहते. दिवे लागतात, पंखे फिरतात, कुणाला काही कळत नाही.

म्हणून माझ्या मते संघटनेची पहिली खरेदी म्हणजे उपकरणांचे दोन संच, सभासदांना भाड्याने द्यायला. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी), आणि मधल्या काळासाठी एक चेक बॉक्स: आत 1 ओहम आणि 1 मेगाओहमचे अचूक रेझिस्टर. उपकरण देताना आणि परत घेताना त्यावर रीडिंग घेऊन वहीत लिहायचं. परतीचं रीडिंग हललेलं दिसलं, तर कुणाच्या कोणत्या कामाची टेस्ट पुन्हा करायची हे वहीच सांगते.

सोबत छापील टेस्ट फॉर्म द्यावा. त्यात मेगरच्या रकान्याआधी ‘एसपीडी, डिमर, एलईडी ड्रायव्हर सोडवले का?’ ही ओळ हवीच. एसपीडी (व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारं उपकरण) जोडलेला ठेवून 500 व्होल्ट डीसी दिला की रीडिंग 1 मेगाओहमच्या खाली दिसू शकतं, आणि वायरमन धडधाकट केबलमध्ये दोष शोधत बसतो.

दुसरी मोठी गोष्ट करारनामा. पैसे बुडतात ते बहुतेक एक्स्ट्रा कामात आणि रिटेन्शनमध्ये, म्हणजे बिलातून काही काळ राखून ठेवलेल्या रकमेत. नमुना करारात तीन कलमं ठाम असावीत: दर कोणत्या ड्रॉइंगच्या कोणत्या रिव्हिजनवर दिला ते, सही झालेल्या स्लिपशिवाय एकही वाढीव पॉइंट नाही, आणि रिटेन्शनची मुदत आपलं काम सोपवल्यापासून मोजायची, सबंध इमारत पुरी झाल्यापासून नव्हे. लिफ्ट रखडली म्हणून वायरिंगवाल्याचे पैसे का अडावेत? एकट्याने हे मागितलं की दुसऱ्याला बोलावतात. सगळ्यांच्या करारात तेच छापलेलं असलं की वाद घालावा लागत नाही.

दर मात्र संघटनेने ठरवू नयेत. कितीतरी देशांत स्पर्धा कायद्याखाली तो गुन्हा ठरतो. त्याऐवजी कॉस्टिंग शिकवावं: प्रवास, माल आणणं, पंचलिस्टच्या (शेवटी निघालेल्या किरकोळ त्रुटींच्या यादीच्या) फेऱ्या, वॉरंटीतली कामं हे तास दरात धरलेले असतात का ते तपासायला.

आयईसी 60364 (इमारतींतल्या वायरिंगचं आंतरराष्ट्रीय मानक) सारख्या मानकांवरून स्थानिक नियम बदलतात तेव्हा मसुद्यावर हरकती मागवल्या जातात. तिथे प्रत्यक्ष बोर्ड उघडणाऱ्यांचं म्हणणं लेखी पोहोचवणं हेही संघटनेचंच काम.

आणि ग्राहकाची तक्रार आली तर दोन सभासदांनी त्याच उपकरणांनी जाऊन रीडिंग घ्यावं. दोष निघाला तर ज्याचं काम त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, ठरलेल्या मुदतीत. नाही केलं तर सभासदत्व रद्द. तपासणारे मात्र त्याच भागात कामं घेणारे नसावेत.