सामाईक भिंतीचे पोट

जुनी दगडविटांची घरे दुरुस्त करणे हा माझा 17 वर्षांचा व्यवसाय असून त्यातला निम्मा वेळ आधीच्या माणसाने मारलेले सिमेंट काढण्यात जातो. सिमेंटविरुद्धचे माझे भाषण सोलापूरच्या जुन्या पेठांतील बऱ्याच घरमालकांना एव्हाना पाठ झाले असेल. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत जमिनीतून चढलेली ओल सांध्यांवाटे बाहेर पडून वाळते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की तिला ती वाट राहत नाही, ती आणखी वर चढते, आपल्याबरोबर क्षार नेते, आणि मग कमरेएवढ्या उंचीवर लोणा लागून विटांचे पीठ होऊ लागते. यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. तरीही फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी याच खऱ्याच्या भरात मी एक भिंत पाडण्याच्या बेतात आलो होतो.

बाळीवेस भागातील तो वाडा दोन पिढ्यांपूर्वी वाटणीत मधोमध तुटला आणि मधली भिंत सामाईक झाली. अलीकडच्या अर्ध्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी एकट्या राहतात, पलीकडे त्यांच्या चुलत दिराचे कुटुंब. दोन्ही घरांचे बोलणे बंद आहे, आणि त्याची कारणे मला तीन माणसांनी तीन वेगवेगळी सांगितली. भिंत 27 इंच जाडीची: खाली काळ्या दगडाची, मातीत रचलेली, वर पातळ जुन्या विटांची, चुन्यातली, आणि त्यावर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचे मातीचे सपाट छप्पर. आजींच्या बाजूने छातीच्या उंचीवर भिंतीला पोट आले होते. ओळंबा सोडून पाहिले तेव्हा ते अडीच इंच भरले. त्या पोटावर बारा वर्षांपूर्वी कोणीतरी लोखंडी जाळी ठोकून जाड सिमेंट मारलेले होते आणि त्याच्या खालच्या काठाला लोणा लागल्याची पांढरी रेघ होती. भिंतीला लागूनच हौद होता. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात हौद असतो, आणि जुन्या घरातला हौद गळत नसेल तर मला आश्चर्य वाटते.

मला निदान करायला पाच मिनिटेही लागली नाहीत. हौदाची ओल भिंतीत, सिमेंटमुळे ती आत कोंडलेली, आतली माती विरघळून खाली बसलेली, म्हणून पोट. आजींना मी हे सविस्तर समजावून सांगितले. त्यांना ते फार पटले, कारण ते सिमेंट त्यांच्या नकाराला न जुमानता त्यांच्या पुतण्याने मारून घेतले होते.

बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते की अशी दगडी भिंत एकसंध नसते. ती दोन पदरांची असते. दोन्ही बाजूंना तोंड चांगले असलेले दगड लावतात आणि मधल्या पोकळीत माती, चिपा, फुटके खापर, जे हाताशी येईल ते भरतात. दोन्ही पदरांना बांधून ठेवायला मध्ये मध्ये भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड लागतो, त्याला आम्ही थ्रू-स्टोन म्हणतो. नियमाप्रमाणे दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर तो हवा. एवढा लांब दगड घडवणे महाग पडते, म्हणून आपल्या भागातल्या कितीतरी घरांत तो नाहीच. मग दोन पदर एकमेकांना पाठ लावून नुसते उभे असतात, त्या वाड्यातल्या दोन घरांसारखे.

अशा भिंतीच्या पोटात चुन्याचे ग्राउट, म्हणजे पातळ कालवलेला चुना, नळीने सोडून मधली भर पुन्हा घट्ट करता येते, आणि या कामाचा मला अभिमान आहे. पिशवीतला तयार चुना सफेदीला ठीक, भिंतीला नाही. आम्ही चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, आणून ती खड्ड्यात विरवतो. पाणी पडल्यावर ती उकळते तेव्हा खड्ड्याशी कोणी वाकून पाहू नये. तीन आठवडे पाण्याखाली ठेवल्यावर ती लोण्यासारखी होते. सुरखी आम्ही जुन्या, मऊ भाजलेल्या विटांची स्वतः कुटतो आणि वस्त्रगाळ करतो, कारण कणी राहिली की नळी तुंबते. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायला एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू. ग्राउटमध्ये वाळू नाही. डिप्लोमाला असताना चुन्यावर आम्हाला जे शिकवले ते एका पानात मावले होते. बाकीचे सगळे मी अण्णांकडून शिकलो. अण्णा म्हणजे आमचे मुख्य गवंडी. घरी कानडी बोलतात, भिंतीशी हातोडीने बोलतात. ठोकल्यावर टणक आवाज आला तर दगड बसलेला, बद्द आवाज आला तर मागे पोकळी.

सोमवारी आम्ही गिलावा काढला. रीत अशी की तो तुकड्यातुकड्याने काढावा, एक पट्टा मोकळा करून त्याच्या दर्जा भराव्यात आणि मग पुढच्याला हात लावावा. त्या दिवशी मजूर जास्त मिळाले होते आणि ते सिमेंट डोळ्यांसमोरून जावे अशी मला घाई होती. अण्णांनी विचारले, "साहेब, एकदमच काढायचं का सगळं?" मी हो म्हणालो. संध्याकाळपर्यंत दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच भिंत उघडी झाली. भेगांवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या. भिंत केसभर हलली तरी काच तडकते, याहून प्रामाणिक यंत्र मी पाहिलेले नाही.

मंगळवारी साडेनऊला खालच्या ओळीच्या भोकांतून ग्राउट सोडायला सुरुवात केली. त्याआधी नुसते पाणी सोडून ते कुठून निघते हे पाहायचे असते. मी ते बादलीभरच सोडले. भर मातीची असल्याने जास्त पाण्याने ती आणखी विरघळेल, हे कारण मी वहीत लिहिले आणि ते खोटे नाही. पण त्या दिवशी नळाला पाणी नव्हते आणि टँकरचे पाणी मोजून वापरायचे होते, हे कारण मी वहीत लिहिलेले नाही.

एवढ्या भिंतीला खालच्या ओळीत आठ-दहा बादल्या पुरतात. साडेअकराला आकडा 31 वर गेला होता आणि मला, सांगायला लाज वाटते, आनंद होत होता. एवढी मोठी पोकळी सापडली आणि ती आपण भरतो आहोत असे वाटत होते. अण्णांनी नळी दाबून धरली आणि म्हणाले, "भिंत एवढं पीत नाही. कुठंतरी चाललंय हे." त्यांचे वाक्य संपायच्या आत भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज आला. आजी देवळीपाशी बसून पोथी वाचत होत्या. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

गल्लीतून वळसा घालून मी पलीकडच्या घरात गेलो. माजघरात त्याच भिंतीत चार फूट रुंद आणि माणूसभर उंच कपाट होते. त्या घरच्या वहिनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतात. त्यांचा सगळा तयार माल त्या कपाटात होता आणि खालच्या दोन कप्प्यांतून विटकरी रंगाचा चुना ओघळून फरशीवर पसरत होता. त्यांचा लहान मुलगा त्यात बोट घालायला निघाला होता, त्याला मी आधी उचलून बाजूला केले, कारण ओल्या चुन्याने कातडी भाजते आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मालाचे पैसे मी त्याच दिवशी दिले. वहिनींनी ते मोजून घेतले, आणि योग्यच केले.

कपाट रिकामे झाल्यावर मी आत टेप धरला. खोली 15 इंच. 27 इंचांच्या भिंतीतून 15 इंच काढले की उरतो एक पदर, तोही मागून आधार नसलेला. कपाट कोरताना वरच्या बाजूला आधार म्हणून एक शहाबादी फरशी आडवी सरकवली होती आणि ती मधोमध तडकलेली होती. म्हणजे वरच्या विटा आणि माळवद यांचा त्या चार फुटांतला सगळा भार आजींच्या बाजूच्या एका पदरावर आला होता. पोट विरघळलेल्या मातीने आले नव्हते. किमान केवळ तिने तरी नाही. आणि बारा वर्षे त्या पोटाला पुढून धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे जाळी ठोकून मारलेले ते सिमेंट, जे मी आदल्या दिवशी मोठ्या समाधानाने उतरवले होते.

परत आलो तेव्हा मधली काच तडकलेली होती. ती केव्हा तडकली हे मला माहीत नाही. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी मी तिन्ही पट्ट्या पाहिल्या होत्या असे मी कामगारांना सांगितले, पण मला स्पष्ट आठवते ती फक्त दाराजवळची. काच रात्रीच गेली असेल, तर मी हललेल्या भिंतीत दोन तास पाण्यासारखा चुना ओतत होतो. त्या एका गोष्टीपाशी मी अजून अडकतो.

मग जे केले ते कोणीही केले असते. दोन्ही घरे रिकामी केली, दोन्ही बाजूंनी तुळयांखाली लोखंडी जॅक आणि सागवानी टेकू लावले, पोटावर फळ्या टेकवून तिरपे आधार दिले. रात्रीचे नऊ वाजले. पलीकडच्या घरातल्या मुलांनी न सांगता फळ्या उचलल्या, हे नोंदवायला हवे.

पुढचे दोन दिवस माळवदावरची माती उतरवण्यात गेले, आणि खरे तर सुरुवातच तिथून व्हायला हवी होती. गळती थांबवायला दर वर्षी वरून पांढरी माती टाकतात, खालची कोणी काढत नाही. तिथे दीड फूट थर निघाला. एका घनफूट मातीचे वजन सुमारे 45 किलो धरले, तरी दहा बाय बाराच्या खोलीवर आठ टन होतात. माती उतरताना आजी म्हणाल्या, "किल्लारीच्या वेळी आम्ही आठ दिवस अंगणात झोपलो होतो. तेव्हाच काढायची होती ही." 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात जी माणसे गेली त्यांतली बहुतेक अशाच दोन पदरी भिंतींखाली आणि अशाच मातीच्या ओझ्याखाली गेली. आपल्याकडे ती भीती लोकांनी जुन्या घरांवर काढली; वाडे पाडून स्लॅब टाकले. ज्यांनी वाडे ठेवले, त्यांतल्या बहुतेकांनी मातीला हात लावला नाही.

कपाट बुजवण्यावरून आठवडा गेला. पलीकडच्यांचे म्हणणे, ते कपाट त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हिश्शात केले होते, आणि भिंतीची मधली रेघ कोणत्या कागदावर आहे ते दाखवा. शेवटी आजींच्या खर्चाने त्यांना लाकडी कपाट करून दिले आणि ती जागा दगडांनी, चुन्यात, जुन्या दगडांत दात धरून बांधून काढली. दोन पदर बांधायला किल्लारीनंतर सांगितली गेलेली पद्धत वापरली: भिंतीतून आरपार भोक, त्यात दोन्ही टोके वाकवलेली सळई आणि काँक्रीट. होय, काँक्रीट, आणि त्यात सिमेंट. अण्णा ते कालवताना माझ्याकडे पाहून काही बोलले नाहीत. गिलावा मात्र दोन्ही बाजूंनी चुन्याचाच केला आणि महिनाभर ओली गोणपाटे लावली, कारण इथल्या उन्हात चुना धरण्याआधीच सुकून जातो.

हौदही गळत होताच. त्यामुळे माझे निदान अर्धे बरोबर होते असे म्हणता येते, आणि काही जण तसे म्हणतातही. माझ्या धंद्यातले एक जण म्हणाले की पलीकडच्या घरात जाऊन बघणे हे तुझे काम नव्हते. पण पोट आलेल्या भिंतीची पाठ न पाहता अंदाजपत्रक देणारा मीच होतो, आणि न पाहण्याचे कारण एवढेच की ती दोन घरे बोलत नव्हती आणि मला त्या भानगडीत पडायचे नव्हते.

मागच्या महिन्यात त्या गल्लीत काम निघाले म्हणून आजींकडे डोकावलो. नवी काच शाबूत आहे. त्यांच्याकडे शेजारच्या बोळातले एक गृहस्थ आपल्या भिंतीबद्दल विचारायला आले होते. आजींनी मला बसवले आणि त्यांना म्हणाल्या, "हे इंजिनिअर. सिमेंटनं आमची भिंत कशी मारली होती, ते यांच्याकडून ऐका." मी चहा घेतला आणि ओल, क्षार, लोणा असे नेहमीचे सगळे सांगितले.