'कूरी मेल'मधला ऑस्ट्रेलिया

"ऑस्ट्रेलियात राहतेस, मग तिथले आदिवासी बघितले असशील ना?" पुण्याहून फोन आला की हा प्रश्न अजूनही येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंगावर पांढरे पट्टे ओढलेली, हातात बूमरँग धरलेली माणसं असतात. पर्यटनाच्या जाहिरातींनी आपल्यापर्यंत तेवढंच पोचवलंय. मी हल्ली उत्तरादाखल एका वर्तमानपत्राबद्दल सांगते.

'कूरी मेल' हे त्याचं नाव. कूरी म्हणजे या भागातले मूळ रहिवासी. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातल्या लिस्मोर गावातून १९९१ पासून निघणारं पाक्षिक. मालक आहेत त्याच पट्ट्यातल्या पाच अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या संस्था, सगळ्यांचा वाटा सारखा. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' का काढलं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यामागची निकड वेगळी समजवायला नको. इथेही असे प्रयत्न आधी झाले होते. १९३८ च्या २६ जानेवारीला, गोऱ्यांच्या आगमनाची दीडशे वर्षं थाटात साजरी होत असताना, सिडनीत अ‍ॅबोरिजिनल लोकांनी शोकदिन पाळला. त्यात पुढे असलेल्या जॅक पॅटन यांनी त्याच वर्षी आपल्या लोकांसाठी एक पत्र सुरू केलं. ते काही महिनेच चाललं.

'कूरी मेल' मात्र टिकलं. मी ते ग्रंथालयात वाचते. कोर्टकचेरीच्या आणि जमिनीच्या हक्कांच्या बातम्या असतातच, पण पान उलटलं की रग्बीचे सामने, नोकरीच्या जाहिराती, पदवीचा झगा घातलेली हसरी मुलगी. मोठ्या वर्तमानपत्रांत अ‍ॅबोरिजिनल माणूस मला बहुतेक वेळा गुन्ह्याच्या नाहीतर खेळाच्या पानावरच भेटतो. इथे तो शेजारी म्हणून भेटतो.

हे पत्र निघालं त्याच वर्षी अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या कोठडीतल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी शाही आयोगाचा अहवाल आला. ९९ मृत्यूंचा तपास, ३३९ शिफारशी. त्यानंतरही कोठडीत माणसं मरतच राहिली. ऑगस्ट २०१४ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या साउथ हेडलंडला यामाजी या अ‍ॅबोरिजिनल समाजातल्या २२ वर्षांच्या एका तरुणीला, दंड थकले म्हणून, पोलिसांनी कोठडीत ठेवलं. दुखतंय, असं ती सांगत होती. इस्पितळात दोनदा नेलं, दोनदा परत कोठडीत आणलं, तिसऱ्यांदा नेलं तेव्हा ती गेली. मोडलेल्या बरगडीपासून सुरू झालेला जंतुसंसर्ग अंगभर पसरला होता. गेलेल्या माणसाचं पहिलं नाव घेऊ नये अशी त्यांच्याकडे रीत आहे. त्यामुळे घरच्यांच्या इच्छेनुसार तिला सगळे 'मिस डू' म्हणतात. त्याच घरच्यांनी कोठडीतलं कॅमेऱ्याचं चित्रण मात्र लोकांनी पाहिलंच पाहिजे असा आग्रह धरला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये ते जाहीर झालं. काय झाकायचं आणि काय दाखवायचं हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच होता, असं मला मनापासून वाटतं. थकलेल्या दंडापायी तुरुंगात टाकण्याचा तिथला कायदा २०२० मध्ये बदलला. तिच्यासाठी फार उशिरा.

आणि लिस्मोरचा पूर. २८ फेब्रुवारी २०२२ ला विल्सन्स नदी चौदा मीटरच्या वर चढली. आधीच्या विक्रमापेक्षा दोन मीटरहून जास्त. 'कूरी मेल'चं कार्यालयही बुडालं, काही आठवडे अंक निघाला नाही. नेओमी मोरन तेव्हा तिथल्या व्यवस्थापक होत्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच इमारतीत मदत केंद्र उघडलं: गरम जेवण, कपडे, औषधं, जो येईल त्याला, गोरा असो की काळा. रस्ते तुटलेल्या वस्त्यांपर्यंत हेलिकॉप्टरने सामान पोचवलं. सरकारी मदत रेंगाळत असताना ज्यांना आयुष्यभर 'मदतीवर जगणारे' म्हणून हिणवलं गेलं, ते अख्ख्या गावाला जेवू घालत होते. ब्रिस्बेनमध्ये बसून त्या बातम्या वाचताना मला भरून आलं होतं.

'कूरी मेल'चे जुने अंक कॅनबेराच्या 'एआयएटीएसआयएस' (AIATSIS) या मूळ रहिवाशांविषयीच्या अभ्यास संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. इंग्रजी सोपं आहे. वाचकांच्या पत्रांपासून सुरुवात करा. माणसं तिथे सगळ्यात मोकळेपणाने बोलतात.